मुकं झालेलं वावर

मला आवाजाची भीती कधी वाटली नाही. नशिराबादला आमचं घर हायवेला लागून. ट्रकांच्या भोंग्यांत मी अभ्यास केला आणि ट्रकांच्या भोंग्यांतच झोपले. मला भीती वाटते ती आवाज थांबला की. ही खोड जन्माची नाही. ती मला सासरी लागली, नरडाण्याजवळच्या मळ्यात, फेब्रुवारीतल्या सकाळी, लख्ख उन्हात. साल नव्वदच्या आगेमागे असेल. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

सासरी माणसं मोजकी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. हे धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपात, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. बाकी मळ्यातल्या घरात मी आणि सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायचे. शेत त्याच चालवत. एक सालदार होता, तो सकाळी आठला यायचा आणि दिवस मावळला की जायचा.

मी जळगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आलेली, विषय वनस्पतीशास्त्र. फुलाचा उभा छेद काढून त्याला बाण लावून नावं देण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. परागकण, कुक्षी, परागीभवन, सगळं तोंडपाठ. अक्कांना सही येत नव्हती. कोण कोणाला शिकवणार हे मनाशी ठरवूनच मी माप ओलांडलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तोवर मला वाक्यात उपयोग करण्यापुरतीच ठाऊक होती.

अक्कांचा जीव कांद्याच्या बियात होता. त्यांच्या सासूच्याही आधीपासून घरात एक कांदा चालत आलेला. रंगाने मळकट लाल, अंगाने चपटा, चिरताना शेजारच्या खोलीतल्या माणसाला रडवणारा. पण टिकायला असा की चैत्रात कांदाचाळीत साठवलेला दिवाळीला टणक निघायचा. त्याचं बी बाजारात कुठे मिळत नसे. दरवर्षी अक्का एकेक गड्डा हातात घेऊन, दाबून, वास घेऊन निवडत. थंडी लागली की ते गड्डे विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत लावत. त्यांतून कंबरेएवढे पोकळ दांडे निघत आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू. त्याला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. डोंगळ्यात काळं बी भरलं की पुढच्या वर्षाची सोय झाली. कांद्याचं बी एका वर्षाचाच सोबती. जुनं झालं की उगवत नाही.

त्या वर्षी मोठ्या वावरात मी हट्टाने दुकानातलं नवं बी टाकायला लावलं होतं. एक वर्ष करून तर बघू, म्हणाले. अक्कांनी ते होऊ दिलं आणि घरच्या कांद्याचे निवडलेले गड्डे तेवढे त्यांनी वीस गुंठ्यांत लावले. बाकीचे आम्ही खाल्ले, विकले. म्हणजे त्या फेब्रुवारीत अक्कांचा तो कांदा जगात फक्त त्या वीस गुंठ्यांत शिल्लक होता. तिथे बी धरलं नाही, तर तो संपला. हे आम्हा दोघींनाही नीट माहीत होतं, म्हणून आम्ही ते बोलत नसू.

अक्कांचा एक नियम होता. "डोंगळा फुलना का वावरमा पंप न्यावाना नही," त्या म्हणायच्या. पंप म्हणजे पाठीवरचा, औषध फवारायचा. का, तर विहिरीत साती आसरा राहतात. विहिरीच्या आतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड मी पाहिले होते. डोंगळे पांढरे झाले की त्या सातजणी विहिरीतून निघून वावरात येतात, फेर धरतात, त्यांच्या अंगावर औषध उडालं तर रुसून जातात. "त्या खेयतीस तठे," अक्का अगदी सहज सांगायच्या, शेजारच्या पोरींबद्दल सांगावं तसं.

मी हसायचे. पण डोंगळ्यांत गेलं की हसू ओसरायचं. दहा वाजता ऊन तापायला लागलं की त्या वीस गुंठ्यांतून एक घुमारा उठायचा. बांधावरच्या उंबराला आग्या मोहोळ होतं, चांगलं सुपाएवढं. त्याच्या माश्या, शिवाय बारक्या काळ्या माश्या, अशी हजारोंनी फुलांवर रीघ. आवाज कानापेक्षा छातीत जास्त यायचा. मधोमध उभं राहिलं की आपल्याभोवती खरंच कोणीतरी फिरतंय असं वाटायचं. मला पाठ होतं की हे परागीभवन आहे. तरी अंगावर काटा यायचा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दांड्यांवर कीड दिसली. दाण्यापेक्षा बारीक, पिवळसर किडे, दांड्याचा रस ओढून पांढरे चट्टे पाडणारे. रोज चट्टे वाढत होते. मी अक्कांना दाखवलं. त्यांनी राख फुंकली, ताकाचं पाणी शिंपडलं, काही झालं नाही. दांडे असेच सुकले तर बी भरायच्या आधीच डोंगळे माना टाकतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि ह्या बाई आसरांची वाट अडवायला तयार नव्हत्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

अक्का भावाकडे हळदीला गेल्या, त्या दिवशी मी नरडाण्याच्या दुकानातून औषधाची बाटली आणली. घाई केली नाही. मला माश्यांचं ठाऊक होतं. पुस्तकात दिलं होतं: फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये, फवारायचंच तर माश्या घरी गेल्यावर, सांजेला. मी सालदाराला लवकर घरी पाठवलं. ऊन उतरेपर्यंत बांधावर बसून राहिले. शेवटची माशी उंबराकडे गेली तेव्हा पंप पाठीवर घेतला. औषधाचं माप दुकानदाराने सांगितलं त्याहून कमीच ठेवलं. फुलं टाळून दांड्यांवर फवारा धरला. घरी येऊन दोनदा साबण लावून आंघोळ केली. पंप गोठ्याच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. सकाळी लांब खड्डा करून तिथे धुवायचा, असं मनात होतं.

अक्का दोन दिवसांनी येणार होत्या, त्या मुक्कामी गाडीने त्याच रात्री परत आल्या. मी जेवायला वाढलं. सकाळी सालदार कामाला लागल्यावर पाहते तर पंप गोठ्याच्या खुंटीला टांगलेला. सालदाराने धुऊन ठेवला असेल, असं समजून मी विषय सोडून दिला.

त्या दिवशी दहाला घुमारा उठला, पण विरळ. वाऱ्यामुळे असेल, मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी आणखी विरळ. तिसऱ्या दिवशी मी डोंगळ्यांत शिरले आणि थांबले. वीस गुंठे पांढरेशुभ्र फुललेले. ऊन तापलेलं, मधाचा गोड वास इतका की घशाला चिकटावा. आणि आवाज काही नाही. मला वाटलं माझेच कान बसले. मी चुटकी वाजवून पाहिली. चुटकी ऐकू आली.

मी विहिरीकडे धावले, का ते सांगता येणार नाही. विहिरीच्या काठाला जुन्या मोटेच्या काळातलं थारोळं आहे, मोटेचं पाणी पडायचं ते दगडी टाकं. मोट जाऊन मोटार आली तेव्हापासून ते नुसतं शेवाळलेलं, टीचभर पाणी धरून असायचं. ढोरांचा हौद वेगळा, गोठ्याजवळ. थारोळ्याभोवती माश्या पडल्या होत्या. झाडूने लोटून ठेवाव्यात इतक्या. बऱ्याच मेलेल्या, जीभ बाहेर आलेली. काही पाठीवर पडून स्वतःभोवती गरगर फिरत होत्या, आणि त्यांच्या पंखांचा जमिनीवर घासून खरखर आवाज येत होता. त्या दिवशी मी ऐकलेला त्यांचा तेवढाच आवाज.

मागे वळले तर अक्का उभ्या होत्या. त्यांनी माश्यांकडे पाहिलं नाही. त्या डोंगळ्यांकडे तोंड करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वावर मुकं व्हई गयं."

त्यांनी काही विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. त्यांनी विचारलं नाही. उंबरावरचं मोहोळ एरवी काळंभोर, त्याच्या अंगावरून सारखी लाट सरकत असायची. आठवड्याभरात ते विरळ होत गेलं, आतली पांढरी पोळी उघडी पडली, आणि एके दिवशी उरल्यासुरल्या माश्या उठून निघून गेल्या. शेजारच्या मळ्यातले नाना बांधावर आले. त्यांच्या गिलक्याच्या वेलाची फुलं नुसती गळत होती. "काय व्हयनं वं अक्का? माशा कोठे गयात?" त्यांनी विचारलं. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आसरा रुसन्यात. मनीच चूक व्हयनी, दहीभात ऱ्हाई गया." आणि त्याच दिवशी नानांच्या घरच्या बायकांदेखत त्यांनी विहिरीच्या कोनाड्यात दहीभात, हळदकुंकू आणि सात हिरव्या बांगड्या ठेवल्या. मी ताट धरून उभी होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

डोंगळ्यातली फुलं एका दिवसात फुलत नाहीत. तीन-साडेतीन आठवडे रोज थोडीथोडी फुलतात. म्हणजे अजून वेळ होती. मी अक्कांना म्हणाले, "हाताने करावं लागेल." एका डोंगळ्यावरून तळहात हळूच फिरवायचा, पिवळी भुकटी हाताला लागते, तोच हात पुढच्या डोंगळ्यावर फिरवायचा. का करायचं ते मी समजावू लागले. परागकण म्हणाले, कुक्षी म्हणाले. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे त्या करतीस ते आपन करानं." आसरा की माश्या, ते मी विचारलं नाही. त्या उठून चालू लागल्या होत्या.

सालदाराला त्या वावरात यायची बंदी झाली. आम्ही दोघी रोज नऊला डोंगळ्यांत शिरायचो ते दोनला बाहेर पडायचो. एक ओळ अक्का या कडेने, मी त्या कडेने. पांढऱ्या चेंडूंवर माणसाचा हात फिरला तर काहीच आवाज होत नाही. त्या शांततेत चालताना आपण काहीतरी चोरतोय, असं मला सतत वाटायचं. तळहात भुकटीने पिवळे व्हायचे, धुतले तरी रेषांत रंग राहायचा. भाकरी थापताना पिठाला मधाचा वास यायचा. दुपारी डोळे मिटले की पांढरं दिसायचं.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी घुमारा ऐकला. स्पष्ट. वावराच्या मधूनच येत होता. मला रडूच फुटलं, आल्या, परत आल्या, म्हणून दांडे बाजूला सारत मी धावले. मध्ये अक्का होत्या. पाठमोऱ्या, दोन्ही हात डोंगळ्यांवर, तोंड मिटलेलं, आणि आवाज त्यांच्यातून येत होता. एकसुरी, न तुटणारा, श्वास घेतानाही न थांबणारा. मी "अक्का" म्हणून हाक मारली. आवाज थांबला. "काय वं?" त्यांनी विचारलं. मी विचारलं, काय गुणगुणत होता? "मी कोठे काय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. ऊन तापलं की तो आवाज उठायचा. मी समजूत घातली, म्हातारं माणूस, ओव्या म्हणायची सवय. पण ओवीला शब्द असतात, चाल असते. याला काहीच नव्हतं. एकदा तो ऐकत मी माझ्या ओळीत भराभर हात चालवत होते, तर समोरून अक्काच आल्या, अगदी जवळ, आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाल्या, "काय म्हनी ऱ्हायनी वं तू?" मी तर तोंड मिटून होते. मी गळ्याला हात लावला. गळा थरथरत होता.

त्यानंतर आम्ही वावरात एकमेकींपासून लांब काम करू लागलो. ठरवून नाही, आपोआप. शनिवारी हे आले तेव्हा मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुमची आई माशी झालीये, आणि मीही होतेय?

मार्चअखेर डोंगळे वाळले. कापून, अंगणात पसरून, काठीने झोडून, सुपात पाखडून जे काळं निघालं ते एका ताटात मावलं. एरवी दोन पोती भरायची. पण ताटभर तरी होतं. अक्कांनी मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं. हा त्यांचा दरवर्षीचा रिवाज: बी पाण्यात सोडायचं, पोचट असेल ते वर तरंगतं, भरलेलं तळाला जातं. दोघी पातेल्याशी बसलो. अक्कांनी ताट कलतं केलं.

सगळं वर राहिलं. काळी साय धरल्यासारखं. अक्कांनी बोटाने हळूच ढवळलं. तरीही वरच. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. आणि मग कडेने एक दाणा निसटला, पाण्यातून डुलत खाली गेला. मग दोन. मग बरेच. "बुडनं! देख वं, बुडनं!" अक्का ओरडल्या. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वरचं पोचट ओतून टाकल्यावर तळाला राहिलं ते दोन मुठी भरेल. दोन मुठी कांदा वाचवायला पुरे होत्या.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अक्का, पंप मी मारला होता. तुम्ही हळदीला गेला होता तेव्हा."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. ओलं बी फडक्यावर पसरत होत्या, हात थांबला नाही. "रातले उनू तं गोठामा वास येत व्हता. सालदारनी सकाळे देखं असतं तं गावभर करतं. लोके तुले नावं ठेवतीन, नवी सून शे. म्हनीसन पहाटे मीच धोया तो पंप. थारोळामा धोया. ढोरं तठे पेतस नही."

थारोळ्यात. ढोरं तिथे पीत नाहीत हे अगदी खरं. तिथे फक्त माश्या पीत. फुलांवर आलेली प्रत्येक माशी दिवसातून कधी ना कधी त्या शेवाळावर उतरायची, टीचभर पाण्याशी. पंपात उरलेलं औषध त्या टीचभर पाण्यात गेलं होतं आणि तिथेच साचून राहिलं होतं.

तेव्हा मला जे वाटलं ते सरळ सांगते. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मी नाही, मी नव्हते, असा एक आनंद पोटातून वर आला, इतका की हसू येईल की काय अशी भीती वाटली. दोन महिने छातीवर ठेवलेला दगड उचलला गेला. माझ्या फवाऱ्याने काही माश्या मेल्याही असतील, पण वावर मुकं झालं ते त्याने नाही, याची मला खात्री पटली. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, अक्का, माश्या मी नाही मारल्या. म्हणजे पुढचं वाक्य मला म्हणावंच लागलं असतं.

त्या वेळी अक्का बियावरून तळहात फिरवत होत्या. तळहाताच्या रेषा अजून पिवळ्या होत्या. मला वाचवायला म्हणून केलेलं काम, तेही ढोरांची काळजी घेऊन. त्याने त्यांचं मोहोळ गेलं, त्यांच्या आसरा गेल्या, कांदा जाता जाता राहिला. "आपला हातनं बी शे हाई," त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी तोंड मिटलं.

ऑक्टोबरात ते बी उगवलं. पुढच्या वर्षी गड्डे, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पुन्हा डोंगळे. तोवर पंप धुवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं, विहिरीपासून लांब खड्ड्यात, आणि थारोळं घासून स्वच्छ पाण्याने भरून ठेवायचे. अक्कांना वाटायचं मी आसरांना मनवतेय. डोंगळे फुलले तेव्हा थोड्या माश्या आल्या, पूर्वीसारख्या नाही. अक्कांनी दहीभात केला आणि मला सोबत घेऊन विहिरीवर गेल्या. बांगड्या कोनाड्यात ठेवून त्यांनी पदर पसरला आणि माझ्यासाठी माफी मागितली. "लेकरू शे मनं. चुकनं. मनमा धरू नका वं मायसहोन."

मग मागे वळून त्यांनी मला खुणावलं, तूही म्हण. मी पुढे झाले, कोनाड्यातल्या त्या सात दगडांपुढे हात जोडले, आणि अक्कांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "चुकले."